रोधाची कुळकथा

धातूच्या तारेत विद्युतधारा वाहते, म्हणजे धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकतात. कंप पावणारे अणू आणि धातूतली अशुद्धी त्यांना विखुरतात. हा अडथळा म्हणजे रोध. तार लांब तर रोध जास्त, जाड तर कमी. तार तापली की तो वाढतो.

इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये. रोध त्याआधीच मोजला गेला होता, तोही अंगावर झटके घेऊन! अठराव्या शतकात हेन्री कॅव्हेंडिशने झटक्याचा जोर ताडून वाहकांची तुलना केली. त्याची टिपणे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1879 मध्ये छापली. तोवर धारा आणि रोध यांच्या नात्याचा नियम दुसऱ्याच्या नावे झाला होता. कोलोनच्या शाळेत शिकवणाऱ्या गेओर्ग ओहमची अडचण साधी होती: त्या काळच्या विद्युतघटाचा दाब (व्होल्टेज) टिकत नसे. 1826 मध्ये त्याने तांबे आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. सांध्यांच्या तापमानांतल्या फरकातून मिळणारा दाब स्थिर राहिला आणि नियम हाती आला: दाब वाढला तर धारा त्याच प्रमाणात वाढते, रोध वाढला तर त्याच प्रमाणात घटते.

एकक मात्र तारायंत्रांच्या गरजेतून आले. समुद्रतळाच्या केबलीत दोष कुठे आहे, हे रोध मोजून शोधता येई. त्यासाठी सर्वांचे माप एक हवे. ब्रिटनमध्ये 1861 मध्ये समिती नेमली गेली आणि 1881 च्या पॅरिस परिषदेत ‘ओहम’ हे नाव मान्य झाले.

औंढा नागनाथ तालुक्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात हाच रोध ‘होल्टेज नाही’ या तक्रारीतून भेटतो. डीपीपासून (वीज वाटणाऱ्या ट्रान्सफॉर्मरपासून) एक किलोमीटरवर, 50 चौरस मिलिमीटर छेदाच्या ॲल्युमिनियमच्या तारेवर, पाच अश्वशक्तीच्या दहा मोटारी चालू आहेत असे धरू. तारेचा रोध सुमारे 0.56 ओहम, धारा सुमारे 70 अँपिअर. म्हणजे दर फेजला 230 पैकी 35 ते 40 व्होल्ट वाटेतच जातात. कमी दाबावर मोटार जास्त धारा ओढते, तारेतली घट आणखी वाढते आणि शेवटी वाइंडिंग जळते. दोष बहुधा मोटारीला दिला जातो.

उपाय म्हणून 11,000 व्होल्टची लाईन शेताजवळ नेऊन तिथे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. तेवढीच वीज 415 ऐवजी 11,000 व्होल्टवर नेली तर धारा सुमारे 26 पट घटते आणि धारेच्या वर्गाप्रमाणे बदलणारी त्याच तारेतली उष्णतेची गळती जवळपास 700 पट.