एका चाकाचा तोल

हाताच्या तळव्यावर काठी उभी तोलून धरण्याचा खेळ आपण सर्वांनीच लहानपणी खेळलेला असतो. काठी पुढे झुकली की हात पुढे न्यायचा, मागे झुकली की मागे. आता हाच खेळ पेन्सिलीवर करून पाहा. जमत नाही! याचे कारण सोपे आहे. एक मीटर लांबीच्या काठीचा कल पाव सेकंदात साधारण पावणेतीन पट होतो, तर १५ सेंटिमीटर पेन्सिलीचा तेवढाच कल सेकंदाच्या दहाव्या भागात वाढतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो. म्हणजे काठीच्या बाबतीत आपण वेळेवर पोहोचतो, पेन्सिलीच्या बाबतीत नेहमीच उशीर होतो.

हा खेळ आठवण्याचे निमित्त असे. बारावीच्या एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, ‘खडकाळ, चढउतारांच्या वाटेवर चालवायचे असेल, तर विजेवर चालणारे एकचाकी वाहन कोणते निवडावे?’ त्याच्या हातात निरनिराळ्या वाहनांच्या आकड्यांचा तक्ता होता आणि त्यातल्या कमाल वेगाच्या रकान्याखाली त्याने लाल रेघ ओढली होती. उत्तर द्यायला बसलो तेव्हा आमच्या लक्षात आले, की ते उत्तर तक्त्यात नाही, इतिहासात आहे.

उंच सायकलीपासून सर्कशीपर्यंत

१८७०च्या दशकात इंग्लंडमध्ये पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान अशी सायकल लोकप्रिय झाली. जेम्स स्टार्ली हे तिच्या प्रमुख निर्मात्यांपैकी एक. पायटे थेट चाकाच्या आसालाच जोडलेले असत. पायट्याचा एक फेरा म्हणजे चाकाचाही एकच फेरा. साहजिकच वेग हवा तर चाक मोठे हवे! पण स्वार जवळजवळ आसाच्या वरच बसलेला असे. वाटेत दगड आडवा आला की चाक थबके आणि स्वार डोक्यावर पुढे आपटे. अशा वेळी मागचे चाक उचलले जाई आणि क्षणभर सगळा तोल एका चाकावर येई. एकचाकी सायकलीची कल्पना यातूनच सुचली असावी, असे मानले जाते.

१८८५ साली जेम्स स्टार्लींचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी साखळीवर चालणारी, दोन जवळपास सारख्या चाकांची ‘रोव्हर’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांनी हवा भरलेला टायर बनवला. सायकलीचा प्रश्न सुटला आणि एकचाकी सर्कशीत गेली.

ब्रेनन यांची गाडी

एकाच रेषेवर उभ्या राहणाऱ्या वाहनाला यंत्राने तोलून धरण्याचा मोठा प्रयत्न लुई ब्रेनन यांनी केला. त्यांनी १९०३ साली एकाच रुळावर धावणाऱ्या गाडीचे पेटंट घेतले. गाडीतले जड भोवरे, म्हणजे जायरोस्कोप, वेगाने फिरत आणि गाडी कलू लागली की तिला सरळ करत. या कामाचा भारताशीही संबंध आहे. वायव्य सरहद्दीच्या डोंगराळ भागात अशी रेल्वे स्वस्तात टाकता येईल या आशेने लंडनच्या इंडिया ऑफिसने पैसे दिले. काश्मीर दरबारनेही मदत केली. म्हणजे बिकट भूप्रदेश हेच तेव्हाही कारण होते!

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रेनन यांची १२ मीटर लांबीची गाडी ३२ माणसांना घेऊन धावली. भोवरे निर्वात कवचात फिरत असत, त्यामुळे वीज गेली तरी ते बराच वेळ फिरत राहिले असते. तरीही एक शंका लोकांच्या मनातून गेली नाही: भोवरा थांबला तर? गाडी रोजच्या वापरात कधीच आली नाही. जे वाहन स्वतःहून उभे राहू शकत नाही, त्याच्या तोलाची शिल्लक संपली की काय होते, हा प्रश्न तेव्हापासून आपली पाठ सोडत नाही.

भोवऱ्याऐवजी गणित

ब्रेनन यांचे जड भोवरे ताकदीने गाडी सावरत. तळव्यावरच्या काठीची युक्ती वेगळी आहे. तिथे कल ओळखायचा आणि आधारच कललेल्या बाजूला सरकवायचा. यंत्राने हे करायचे तर कल सेकंदात शेकडो वेळा मोजता आला पाहिजे आणि तितक्याच वेगाने हिशेबही करता आला पाहिजे. १९८७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शूनविंकेल यांनी संगणकाने तोल सांभाळणाऱ्या एकचाकीवर प्रबंध लिहिला. १९९२ मध्ये एमआयटीत व्होस यांनी हे काम पुढे नेले. २००१ च्या डिसेंबरमध्ये डीन केमन यांनी ‘सेगवे’ हे शेजारी-शेजारी दोन चाके असलेले वाहन जगापुढे आणले. त्यात सिलिकॉनवर कोरलेले नखाएवढे जायरोस्कोप होते. हे भोवरे गाडी सावरत नाहीत, फक्त ती किती वेगाने कलते आहे ते सांगतात. सावरण्याचे काम मोटर करते.

२०१० पर्यंत असे जायरोस्कोप मोबाइल फोनमध्येही आले. त्याच सुमारास अमेरिकेत शेन चेन यांनी ‘सोलोव्हील’ तयार केले. आसन नाही, हँडल नाही. मध्ये एक चाक, चाकाच्या आसातच मोटर आणि दोन्ही बाजूंना उभे राहायला पायटे. पुढे झुकले की चाक पुढे धावते, मागे झुकले की मंदावते. डावी-उजवीकडचा तोल मात्र सायकलीप्रमाणे स्वारालाच वळणे घेत सांभाळावा लागतो.

डोंगरातल्या पायवाटांवर एकचाकी नेण्याची हौस याहून जुनी आहे. अलास्कात जॉर्ज पेक आणि कॅनडात क्रिस होम यांनी पायाने चालवायच्या एकचाकीवर हे करून दाखवले. जाड टायर आणि मजबूत आस ही त्या मंडळींची शिकवण. विजेच्या चाकांना दणके शोषणारी स्प्रिंगची किंवा हवेची योजना मिळाली ती २०२० च्या सुमारास.

दगडापाशी काय घडते?

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. एक नियम लक्षात ठेवला की पुरे. वाहन आणि स्वार यांचा मिळून गुरुत्वमध्य, चाक जिथे टेकते त्या बिंदूच्या सरळ वर हवा.

स्वार ७५ किलोचा आणि वाहन ३५ किलोचे धरू. एकूण वजन सुमारे १,०८० न्यूटन. चाकाची त्रिज्या २३ सेंटिमीटर. शंभरास वीस अशा चढावर चाक आसाच्या ४.५ सेंटिमीटर पुढे टेकते. म्हणजे स्वाराने तितके पुढे झुकायचे आणि मोटरने १,०८० × ०.०४५, म्हणजे जवळजवळ ४९ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा. आता सपाट वाटेवर पाच सेंटिमीटर उंचीचा दगड घ्या. पायथागोरसचे प्रमेय वापरले तर दगडाची कड आसाच्या १४.३ सेंटिमीटर पुढे येते. संथपणे चढायचे तर टॉर्क हवा सुमारे १५४ न्यूटन-मीटर. चढाच्या तिप्पट! प्रत्यक्षात गतीमुळे काही मदत होते, पण मोटरवर एकदम येणारा ताण किती, याची कल्पना यावरून येईल.

हा टॉर्क मोटर देऊ शकली नाही तर? मोटारगाडी अशा वेळी नुसती थांबली असती. इथे मात्र गती देणारी मोटर आणि तोल सांभाळणारी मोटर एकच आहे. तिची ताकद संपली की आधार पुढे सरकत नाही आणि स्वार पुढे कोसळतो. उंच सायकलीवरून पडणाऱ्या स्वारासारखाच!

ही ताकद वेगाबरोबर घटते, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. फिरणारी मोटर जनित्राप्रमाणे उलट व्होल्टेज निर्माण करते. वेग वाढला की हे उलट व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजच्या जवळ येते आणि प्रवाह ढकलायला काही उरत नाही. पूर्ण भरलेला लिथियम घट ४.२ व्होल्टचा असतो, वापरून तो ३.३ पर्यंत उतरतो. २० घटांची माळ त्यामुळे ८४ व्होल्टवरून ६६ वर येते. सकाळी जो वेग सुखरूप वाटला, तोच परतीच्या वाटेवर धोक्याचा ठरतो.

मग निवडायचे काय?

पहिली गोष्ट, कमाल वेगाचा रकाना झाकून ठेवा. काही वाहनांत एकच मोटर दोन प्रकारच्या गुंडाळीत मिळते. एक वेगासाठी, दुसरी टॉर्कसाठी. खडकाळ वाटेला दुसरी. बॅटरीचे व्होल्टेज जास्त, म्हणजे १०० ते १३४ व्होल्ट, असेल तर शिल्लक अधिक राहते.

दुसरी, दणके शोषणारी योजना. मोटर चाकातच असल्यामुळे चाक जड असते आणि खड्ड्यातला दणका मोठा बसतो. टायर जाड, खोल नक्षीचा आणि हवेचा दाब थोडा कमी असा ठेवला तर पकड वाढते. पायट्यांवर बारीक खिळे आणि पिंढऱ्यांना टेकायला बाजूच्या गाद्या असाव्यात. पुढे झुकण्यासाठी त्यांचाच आधार असतो.

तिसरी, चाकाचा व्यास. मोठे चाक दगडावर कमी तिरपे आदळते, पण वरचाच हिशेब करून पाहा, त्याला टॉर्क मात्र अधिक लागतो. अरुंद, वळणांच्या वाटेवर मध्यम चाकच बरे.

चौथी, वजन आणि ऊर्जा. ११० किलो ५०० मीटर उंच चढवायला किमान १५० वॉट-तास लागतात. घर्षण आणि उष्णता वेगळीच. मोठी बॅटरी हवी, पण ३५–४० किलोचे वाहन बंद पडले तर ते उचलून आणणारेही तुम्हीच! आणखी एक, उतारावर मोटर बॅटरी भरत असते. माथ्यावरून निघताना ती पूर्ण भरलेली असेल तर ही ऊर्जा जायला जागा नसते आणि गती रोखणेच अवघड होते.

शेवटी हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे कवच. हे तक्त्यात नसते, पण सर्वांत आधी घ्यावे.

त्या विद्यार्थ्याला आम्ही इतकेच सुचवले, की लाल रेघ पुसून टाक आणि प्रत्येक वाहनासमोर स्वतः हिशेब करून एक नवा रकाना भर: ‘माझ्या वाटेवरच्या सर्वांत मोठ्या दगडापाशी शिल्लक किती?’ ब्रेनन यांना लोक शंभर वर्षांपूर्वी हेच विचारत होते. वर्गात हा हिशेब करून घ्यायला एक फूटपट्टी, कंपास आणि पायथागोरस एवढेच साहित्य पुरते.