खडकीचे सॅपर: सुरुंग, ग्रंथ आणि सहजीवन

पुण्याजवळच्या खडकीचे नाव इतिहासात 5 नोव्हेंबर 1817 च्या लढाईमुळे नोंदले गेले. मात्र पुढच्या काळात या छावणीला जी ओळख लाभली, ती प्रामुख्याने बॉम्बे सॅपर्स या लष्करी पथकामुळे. सॅपर म्हणजे सैन्याच्या अभियांत्रिकी शाखेतला जवान: पूल उभारणे, रस्ता काढणे, अडथळे उडवणे आणि शत्रूने पेरलेले सुरुंग व न फुटलेले बॉम्ब निकामी करणे, ही त्याची कामे. 1820 पासून आपली परंपरा मोजणाऱ्या या पथकाचा इतिहास दोन ठिकाणी जपला गेला आहे. एक भाग अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या ग्रंथांत आहे, तर दुसरा निवृत्त जवानांच्या सहजीवनात. आणि या दुसऱ्या भागाकडे अभ्यासकांनी पहिल्याइतके लक्ष दिलेले नाही.

ग्रंथांच्या बाजूने पाहता ई. डब्ल्यू. सी. सँडीझ या अधिकाऱ्याचे काम पायाभूत ठरते. ‘द मिलिटरी इंजिनिअर इन इंडिया’ हा त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ 1933 ते 1935 या काळात प्रसिद्ध झाला, 1948 मध्ये सॅपर्स अँड मायनर्स पथकांचा इतिहास आला आणि 1956 मध्ये दुसऱ्या महायुद्धातील भारतीय अभियंत्यांवरचा ग्रंथ. मोहिमा, तुकड्या आणि पदके यांची नोंद त्यांत काळजीपूर्वक केलेली आहे. परंतु पथकाचा इतिहास या प्रकाराची मांडणीच अशी असते की निर्णय घेणाऱ्याचे नाव ठळक होते आणि सुरुंगाशेजारी गुडघे टेकून बसलेला जवान बहुधा संख्येत विरून जातो.

प्रेमिंद्रसिंग भगत यांची कामगिरी याच दृष्टीने वाचावी लागते. 1941 च्या आरंभी ॲबिसिनियात, मेतेम्मा ते गोंदार या मार्गावर, बॉम्बे सॅपर्सच्या 21 व्या फील्ड कंपनीतील या तरुण अधिकाऱ्याने चार दिवसांत 55 मैलांच्या पट्ट्यातील 15 सुरुंगक्षेत्रे मोकळी केली. दोनदा त्यांचे वाहन सुरुंगावर उडाले, सोबतचे सैनिक बळी पडले, तरीही स्फोटाने कानाचा पडदा फाटलेल्या अवस्थेत त्यांनी काम चालू ठेवले. सुरुंग शोधण्याचे पोलिश बनावटीचे हातयंत्र अल अलामेनच्या लढाईत, म्हणजे 1942 च्या अखेरीस, वापरात आले. त्याआधी सुरुंग शोधण्याची मुख्य साधने नजर, हात आणि संगीन हीच होती. जमिनीत संगीन उभी न खुपसता तिरकी सारायची, म्हणजे ती सुरुंगाच्या दाबाने फुटणाऱ्या माथ्याला न लागता बाजूला टेकते, हे या कामातले पहिले शिक्षण असते.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे भगत पुढे लेखकही झाले. ‘फोर्जिंग द शील्ड’ आणि ‘द शील्ड अँड द स्वोर्ड’ ही संरक्षणविषयक पुस्तके त्यांनी 1960 च्या दशकात लिहिली; मात्र 1962 च्या चीन युद्धातील पराभवाची चिकित्सा करणारा, हेंडरसन ब्रूक्स यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला अहवाल सरकारने गोपनीयच ठेवला.

कारवार भागातले राम राघोबा राणे हे 1940 मध्ये याच पथकात भरती झालेले जवान होते आणि पदोन्नतीने अधिकारी झाले, म्हणून त्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. एप्रिल 1948 मध्ये नौशहरा ते राजौरी या मार्गावर 37 व्या असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी त्यांच्या हाताखाली होती. 8 एप्रिलला तोफगोळ्यांच्या माऱ्यात दोन सॅपर ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जखमी झाले; तरीही पुढील तीन दिवस सुरुंग काढत, झाडांचे अडथळे उडवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीरचक्र मिळाले. इयन कार्डोझो यांच्या ‘परमवीर’ या ग्रंथासारख्या पुस्तकांतून ही कथा सर्वत्र पोहोचली; पण तिचा पूर्ण अर्थ त्या दोन मृतांसह वाचल्यावरच लागतो.

सुरुंगाने जायबंदी केलेल्या सैनिकांचे पुढचे आयुष्य सावरण्याची परंपराही पुणे-खडकी परिसरातच घडली. अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट 1917 मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीत आली. कृत्रिम अवयव बसवणारे केंद्र 1944 मध्ये पुण्यात आले. आणि कंबरेखालचे शरीर लुळे पडलेल्या सैनिकांसाठीचे पुनर्वसन केंद्र 1974 मध्ये खडकीतच उभे राहिले. उपचारांच्या जोडीने या संस्थांनी जखमी सैनिकांना एकमेकांची सोबतही दिली. गावी परतलेल्या माजी सैनिकासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, पथकाचे मेळावे आणि 1949 पासून 7 डिसेंबरला पाळला जाणारा ध्वजदिन हे त्या नात्याचे धागे आहेत. अशा भेटींत निवृत्त सुभेदार नव्या जवानाला जे सांगतो, त्यात ग्रंथांनी टिपलेल्या विजयापेक्षा हात थरथरू नये म्हणून काय करावे याला अधिक जागा असते.

हे ज्ञान केवळ भूतकाळातले नाही. गडचिरोली, गोंदिया आणि मध्य प्रदेशातील बालाघाट या सलग वनपट्ट्याने नक्षलवादी हिंसा दीर्घकाळ सोसली. 1 मे 2019 रोजी गडचिरोलीतील जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात 15 पोलीस आणि त्यांचा वाहनचालक यांचे प्राण गेले. त्यामुळे पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकांनाही आज तेच धैर्य आणि तीच शिस्त लागते. म्हणूनच निवृत्त सॅपर आणि पोलीस जवान यांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत, मराठीत, पद्धतशीरपणे नोंदवून घेणे हे इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य ठरते. कारण रस्ता मोकळा झाला एवढे ग्रंथ सांगतात, पण तो कोणत्या हातांनी आणि कोणती किंमत देऊन मोकळा केला, हे तीच माणसे सांगू शकतात.