चित्रफीत प्रकल्प (शालेय शिक्षण)

चित्रफीत प्रकल्प ही शालेय अध्यापनातील एक पद्धती आहे. तीत विद्यार्थी एखाद्या पाठ्यघटकावर किंवा परिसरातील विषयावर माहिती जमवतात, संहिता लिहितात आणि चित्रीकरण व संकलन करून लहान चित्रफीत तयार करतात. शिक्षकाने तयार चित्रफीत दाखवणे हा दृक्‌श्राव्य अध्यापनाचा अधिक रूढ प्रकार होय. प्रकल्पात प्रेक्षक असलेला विद्यार्थीच निर्माता होतो.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

भारतात १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहामार्फत शैक्षणिक कार्यक्रम पोहोचले. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पुढे इन्सॅट योजनेत पुण्यात १९८४ साली राज्य शैक्षणिक तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. 'बालचित्रवाणी' या नावाने ती घरोघरी परिचित होती. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होत. मात्र शाळेचे वेळापत्रक प्रक्षेपणाच्या वेळेशी बांधलेले असे आणि न समजलेला भाग थांबवून पुन्हा पाहण्याची सोय नव्हती. केंद्राचे अनुदान थांबल्यानंतर २०१७ मध्ये संस्था बंद झाली. शालेय वयासाठी मराठीत सातत्याने दृक्‌श्राव्य निर्मिती करणारी शासकीय यंत्रणा त्यामुळे नाहीशी झाली, ही हानी लहान नव्हे.

त्याच वर्षी केंद्र शासनाचा 'दीक्षा' हा मंच सुरू झाला आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड त्याला जोडले गेले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी असे कोड आधीच आपल्या शाळेत वापरले होते. त्यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. करोनाकाळात 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवरून दाखवली गेली.

कार्यपद्धती

विषय जवळचा व दृश्य असावा. नागपूरच्या प्रताप नगर परिसरातील शाळांना अंबाझरी तलाव दूर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ओसंडून शहरात आलेला पूर हा भूगोल व नागरिकशास्त्र या दोन्हींचा विषय ठरतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी-पिवळी मारबत व बडग्यांची मिरवणूक हा दुसरा. पण केवळ मिरवणूक टिपली तर ती आठवण होते, प्रकल्प नव्हे. बडग्या कोण बांधतो, त्यासाठी कोणते साहित्य लागते, यंदा त्याने कोणत्या गोष्टीवर टीका केली, हे प्रश्न आधी लिहून नेले तरच अभ्यास घडतो.

म्हणून कामाचा मोठा भाग कॅमेऱ्यापूर्वीचा असतो. तीन मिनिटांच्या चित्रफितीस साधारण तीनशे शब्दांची संहिता पुरते; एवढ्यात विषय बसवताना विद्यार्थ्याला काय गाळावे हे ठरवावे लागते, आणि निबंधलेखनात क्वचितच लाभणारी ही शिस्त भाषाशिक्षकाला विशेष उपयोगी पडते. त्यानंतर प्रत्येक दृश्याचे कच्चे रेखाटन केले जाते. चित्रीकरणाला साधा मोबाइल चालतो. बिघडतो तो बहुधा आवाज. पंखा बंद करून, बोलणाऱ्याच्या जवळ दुसरा मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण केल्यास बराच फरक पडतो. संकलनात निवेदनाचा मजकूर जसाच्या तसा पडद्यावर लिहू नये. दृश्य, निवेदन व तोच लिखित मजकूर एकदम आल्यास आकलनाला अडथळा होतो, असे रिचर्ड मेयर यांच्या संशोधनात आढळले आहे. भाषा नवी असणाऱ्यांसाठी व ऐकू न येणाऱ्यांसाठी मात्र उपशीर्षके आवश्यकच असतात.

एक रूढ गैरसमज

'वाचलेले दहा टक्के आणि केलेले नव्वद टक्के लक्षात राहते' हे विधान बी.एड.च्या टिपणांत एडगर डेल यांच्या अनुभव-शंकूच्या नावाने आढळते. डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या मूळ शंकूत कोणतीही टक्केवारी नव्हती.

मर्यादा

गटात ज्याच्या घरी मोबाइल आहे तोच चित्रीकरण करतो आणि इतर, विशेषतः मुली, लेखन वा सजावटीपुरत्या उरतात, हा धोका असतो. कामे पाळीपाळीने बदलणे व संहिता, प्रश्नावली आणि चित्रफीत यांना स्वतंत्र गुण देणे हा त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे. झगमगीत संकलनाला गुण दिल्यास बहुधा पालकांचेच कौशल्य तपासले जाते.

अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थ्याने केलेल्या पुनरुत्पादनास प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. चित्रपटगीत जोडलेली चित्रफीत आंतरजालावर टाकणे हा वेगळा प्रश्न होय. अठरा वर्षांखालील मुलांच्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी २०२३ च्या कायद्यात पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. त्यामुळे पुष्कळ शिक्षक अशा चित्रफिती वर्गात व पालकसभेतच दाखवणे पसंत करतात.