पाळीव प्राणी रानांत जगेल काय?

पिंजऱ्यांतला पोपट उडून गेला म्हणजे मुलांना वाईट वाटतें, आणि वडील माणसें ‘बरें झालें, बिचारा मोकळा झाला’ अशी त्यांची समजूत घालतात. बंधनांतून सुटलेला जीव रानांत गेला म्हणजे जणूं आपल्या घरीं गेला, ही कल्पना आपल्या मनांत इतकी मुरलेली आहे कीं, तिची परीक्षा कोणी करीत नाहीं. परंतु सुटलेल्या जनावरांचें पुढें काय झालें याचा इतिहास उपलब्ध आहे. आणि तो पाहिला असतां ही कल्पना पुष्कळदां खोटी व कित्येक ठिकाणीं घातकहि ठरते, असें आमचें मत आहे.

प्रश्न हवेंत राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें धरूं. सोलापूरच्या आग्नेयेस होटगी हें जंक्शन आहे. मुंबई-मद्रास लोहमार्गास येथें विजापूर-गदगचा फांटा फुटतो. आगगाडींतून पाहणारास हा प्रदेश उजाड वाटतो. पाऊस बेताचा, काळ्या रानांत ज्वारी, आणि मधून मधून मुरमाड माळ, त्यावर कुसळीचें गवत व तुरळक बोरी-बाभळी. पण असा माळ रिकामा नसतो. लांडगा, कोल्हा, खोकड, रानमांजर, मुंगूस, घोरपड आणि वर आकाशांत घिरट्या घालणारे शिकारी पक्षी यांनीं सोलापूरकडील माळांची आपसांत कधींच वांटणी करून घेतलेली आहे. अशा माळावर एखादें पाळलेलें लहान मांसाहारी जनावर सुटलें, तर तें जगेल काय?

मराठींत ‘माणसाळलेलें’ आणि ‘पाळीव’ असे दोन शब्द आहेत. आपण ते पुष्कळदां एकाच अर्थानें वापरतों, पण त्यांत मोठें अंतर आहे. माणसाळलेलें जनावर जन्मानें रानटीच असतें. त्या एकट्याची भीति मोडलेली असते, इतकेंच. पाळीव जनावराची सबंध जातच पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या निवडीनें बदललेली असते. शिकारी चित्ता हें पहिल्या प्रकाराचें उत्तम उदाहरण होय. मोगल बादशहांनीं व पुढें संस्थानिकांनीं चित्ते बाळगले. हिंदी चित्ता दुर्मिळ झाल्यावर कोल्हापूरच्या छत्रपतींनीं विसाव्या शतकांत आफ्रिकेंतून चित्ते आणविले. डोळ्यांवर टोप चढवून, गाडीवर बसवून चित्तेवान त्यांस काळविटांच्या कळपाजवळ नेत. पण हे चित्ते घरीं जन्मलेले नसत. शिकार साधलेला वयांत आलेला चित्ताच रानांतून पकडीत. कारण पिलूं जी विद्या आईपासून शिकतें, ती माणसास शिकवितां येत नाहीं. बंदिवासांत त्यांची वीणहि होत नसे. १६१३ सालीं एक नर गळ्यांतला पट्टा सोडवून मादीकडे गेला व तीन पिलें झालीं, ही गोष्ट जहांगीर बादशहानें आपल्या आत्मवृत्तांत मुद्दाम नोंदविली, इतकी ती विरळा होती. असा चित्ता रानांत निसटला तर तो आपल्या मूळच्या धंद्यावर परत जाणार. त्याच्यावरून पाळीव जातीचें अनुमान करणें बरोबर नाहीं.

पाळीव जातींपैकीं या प्रश्नास नेमकें लागू पडणारें जनावर म्हणजे युरोपांतलें फेरेट. तें आकारानें मुंगसाएवढें, लांबट अंगाचें व आखूड पायांचें असून पोलकॅट नांवाच्या रानटी जनावरापासून दोन हजार वर्षांपूर्वींच पाळीव झालें असें मानतात. स्ट्राबो हा प्राचीन ग्रीक भूगोलकार लिहितो कीं, स्पेनकडे बिळांत राहणाऱ्या सशांचा उपद्रव झाला तेव्हां आफ्रिकेंतून आणलेलीं असल्याच जातीचीं जनावरें तोंडाला मुसकें बांधून बिळांत सोडीत. ससा बाहेर पळे, आणि वर टपून बसलेला माणूस त्यास धरी. मुसकें बांधण्याचें कारण उघड आहे. तोंड मोकळें असतें तर जनावर बिळांतच पोट भरून तेथेंच झोपीं गेलें असतें. हुसकावण्याचें काम जनावराचें, आणि पोटास घालण्याचें काम मालकाचें, अशी या जातीची शतकानुशतकें वहिवाट पडली.

ही वहिवाट मोडल्यावर काय होतें, याचा मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकांत न्यूझीलंडांत झाला. वसाहतवाल्यांनीं तेथें नेलेल्या सशांनीं १८७० नंतर मेंढ्यांचीं कुरणें फस्त करण्यास आरंभ केला. उतारा म्हणून पुढील काळांत हजारों फेरेटें रानांत सोडण्यांत आलीं. पक्षिशास्त्रज्ञांनीं केलेल्या विरोधाचा कांहीं उपयोग झाला नाहीं. फेरेटें जगलीं व वाढलीं. रानटी झालेल्या फेरेटांची जगांतील सर्वांत मोठी वस्ती आज तेथेंच आहे. ससे मात्र संपले नाहींत. त्या बेटांवर वटवाघळांखेरीज जमिनीवरचें एकहि मूळचें सस्तन जनावर नव्हतें. त्यामुळें कीवी, वेका यांसारखे न उडणारे पक्षी जमिनीवर निर्धास्तपणें अंडीं घालीत. त्यांच्यावर हें संकट कोसळलें. अखेर २००२ सालीं फेरेटें विकण्यास व त्यांची वीण करण्यास त्या देशांत बंदी झाली, आणि २०५० पर्यंत हा सारा वर्ग नाहींसा करण्याचा संकल्प तेथील सरकारनें २०१६ सालीं जाहीर केला.

शेजारच्या ऑस्ट्रेलियांतहि सशांवर फेरेटें सोडलीं होतीं. पण तेथील मुख्य भूमीवर त्यांची वस्ती टिकली नाहीं. तेथें डिंगो नांवाचा रानकुत्रा, विलायती कोल्हा व रानांत गेलेलीं मांजरें आधींच होतीं. नवलाची गोष्ट अशी कीं, हा डिंगो स्वतः पाळीव कुत्र्याचाच वंशज. सुमारें साडेतीन हजार वर्षांपूर्वीं तो दर्यावर्दी माणसांबरोबर त्या खंडांत उतरला आणि रानटी झाला. आधीं आलेल्या पाळीव जनावरास जागा मिळाली, मागून आलेल्यास ती मिळाली नाहीं.

जागेइतकेंच महत्त्व शिक्षणाला आहे. अमेरिकेंतलें काळ्या पायांचें फेरेट ही अस्सल रानटी जात. ती नामशेष होत आली तेव्हां शेवटचीं अठरा जनावरें १९८७ पर्यंत पकडून त्यांची वीण करण्यांत आली, व १९९१ पासून त्यांची संतति रानांत सोडूं लागले. अनुभव असा आला कीं, नुसत्या पिंजऱ्यांत वाढलेल्या जनावरांपेक्षां, खऱ्या बिळांच्या आवारांत राहून जिवंत भक्ष्य मारावयास शिकलेलीं जनावरें अधिक जगतात. रानटी रक्ताची जर ही गत, तर ताटलींतल्या अन्नावर वाढलेल्याची काय कथा!

एवंच, अंगांत विद्या हवी आणि रानांत जागा हवी. होटगीच्या माळावर सुटलेल्या फेरेटास या दोहोंपैकीं एकहि मिळणार नाहीं. आपल्याकडचा ससा बीळ करून राहत नाहीं. उंदीर-सरड्यांवर मुंगसाचा ताबा आहे. आणि तीस अंशांपुढील उष्णता ज्यास सोसवत नाहीं, त्या जनावरास सोलापूरचा चाळीस अंशांपुढें जाणारा उन्हाळा पाहतां पाहतां संपवील.

मग आपला माळ निर्धास्त आहे काय? नाहीं. येथें तिसरी एक गोष्ट लक्षांत घ्यावी लागते, ती म्हणजे माणसाचा आधार. गांवाबाहेरचा कुत्रा धड रानटीहि नाहीं आणि धड पाळीवहि नाहीं. उकिरडा, खरकटें व टाकलेलीं मेलेलीं ढोरें यांवर त्याचें पोट भरतें, आणि त्या बळावर तो माळावर हिंडतो. लांडग्याला भक्ष्य मिळालें नाहीं तर त्याची संख्या घटते. कुत्र्याची घटत नाहीं, कारण गांव त्याला पोसतें. रानाचा हिशेब त्याला लागूच पडत नाहीं. सोलापूरच्या उत्तरेस नान्नज येथें १९७९ सालीं ज्याच्यासाठीं अभयारण्य झालें, तो माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो. आज तो महाराष्ट्रांतून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याचीं कारणें अनेक आहेत, परंतु जमिनीवरच्या अशा अंड्याला भटका कुत्रा हा एक नवा वैरी झाला, हें नाकारतां येणार नाहीं.

लांडग्यावरचें संकट याहून सूक्ष्म आहे. कुत्र्यांकडून त्यास रोग लागतात, ही गोष्ट जुनी. पण पुणें जिल्ह्यांतील अशाच माळांवर लांडगा व कुत्रा यांची मिश्र संतति झाल्याचें रक्तपरंपरेच्या तपासणीनें सिद्ध झालें आणि तें संशोधन २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. बंदुकीनें मारलेला लांडगा मोजतां येतो. संकरानें हळूहळू पुसली जाणारी जात डोळ्यांना दिसत नाहीं. धनगराच्या कळपाशीं पिढ्यान्‌पिढ्या वैर करूनहि जो टिकून राहिला, तो आपल्याच घरच्या कुत्र्याच्या सोयरिकीनें नाहींसा व्हावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

म्हणून घरीं पाळलेलें जनावर जड झालें कीं त्यास पोत्यांत घालून वेशीबाहेर नेऊन सोडणें, ही जी आपल्या सुशिक्षित कुटुंबांतहि रूढ झालेली रीत आहे, तिला दया म्हणतां येत नाहीं. तें जनावर बहुधा उपाशी मरतें. आणि तगलें तर तें दुसऱ्या कोणाच्या तरी घरट्यावर वा बिळावर तगतें. ज्या जातीला माणसानें आपल्या उंबऱ्याशीं बांधून घेतलें, तिचा भार शेवटपर्यंत माणसानेंच वाहिला पाहिजे. गांवचा उकिरडा झांकणें, मेलेलीं ढोरें उघड्यावर न टाकणें, कुत्र्यांची वीण आटोक्यांत ठेवणें आणि त्यांस रोगाची लस टोंचणें, हीं कामें दिसावयास क्षुद्र आहेत. पण होटगीसारख्या गांवाच्या शिवेपलीकडे लांडगा लांडगाच राहील कीं नाहीं, हें त्यांवर अवलंबून आहे.