जर्मनीतील राजकीय शिक्षण : संकटांतून घडलेली परंपरा

लोकशाही राष्ट्रांतील नागरिकशास्त्राचा अभ्यासक्रम अनेकदा एखाद्या मोठ्या घटनेच्या आघाताने बदलतो. दुसऱ्या महायुद्धानंतरचा जर्मनी हे त्याचे ठळक उदाहरण होय. हिटलरच्या राजवटीने शाळांना प्रचाराचे साधन बनविले होते. त्यामुळे १९४५ च्या पराभवानंतर विजयी राष्ट्रांनी पाठ्यपुस्तके आणि शिक्षक या दोहोंची छाननी आरंभली. पुढे १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने गृहखात्याच्या अखत्यारीत स्वतंत्र केंद्रीय संस्था स्थापन केली. १९६३ पासून ती ‘राजकीय शिक्षणाचे संघीय केंद्र’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते.

कोलोनची घटना

१९५९ च्या नाताळात कोलोन येथील ज्यू प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर नाझी चिन्हे रंगविण्यात आली. हे मंदिर त्याच वर्षी पुन्हा खुले झाले होते. पाठोपाठ देशभर अशा शेकडो घटना घडल्या. नव्या पिढीला नजीकच्या इतिहासाचे पुरेसे ज्ञान नाही, ही उणीव त्यातून उघड झाली. १९६० मध्ये राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी नाझी कालखंडाच्या अध्यापनाविषयी ठराव संमत केला.

बॉयटेल्सबाखची तत्त्वे

१९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर संघर्ष थेट अभ्यासक्रमात शिरला. शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने सोशल डेमोक्रॅट आणि ख्रिश्चन डेमोक्रॅट यांच्यातील वाद शाळांपर्यंत पोहोचले. तोडगा काढण्यासाठी १९७६ मध्ये श्टुटगार्टजवळील बॉयटेल्सबाख येथे विविध विचारांचे शिक्षणतज्ज्ञ एकत्र आले. तेथे मतदान झाले नाही. मात्र हान्स-गेऑर्ग वेलिंग यांनी चर्चेचे सार तीन तत्त्वांत मांडले आणि तेच पुढे सर्वमान्य झाले. विद्यार्थ्यावर मत लादू नये, समाजात व विद्वानांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हित ओळखून राजकीय प्रक्रियेत सहभागी होण्यास समर्थ करावे, अशी ही तत्त्वे आहेत.

एकीकरण आणि नवे आव्हान

पूर्व जर्मनीत नागरिकशास्त्र मार्क्सवाद-लेनिनवादाशी बांधलेले होते. १९९० च्या एकीकरणाच्या सुमारास तो विषय संपुष्टात आला आणि पाचही नव्या राज्यांनी राजकीय शिक्षणाची स्वतःची केंद्रे उभारली.

२०१८ मध्ये ‘जर्मनीसाठी पर्याय’ अर्थात एएफडी पक्षाने हॅम्बुर्ग येथे शिक्षकांच्या कथित पक्षपाताविरुद्ध तक्रारी नोंदविण्यासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा या तत्त्वांचा अर्थ पुन्हा चर्चेत आला. शिक्षकाने तटस्थ राहावे, असा पक्षाचा आग्रह होता. मत न लादणे म्हणजे मौन बाळगणे नव्हे आणि मानवी प्रतिष्ठा व राज्यघटना यांच्याविषयी शिक्षक उदासीन राहू शकत नाही, असे टीकाकारांचे प्रतिपादन होते. वर्गात वाद कोणत्या प्रश्नांवर व्हावा आणि कोणती मूल्ये वादापलीकडची मानावीत, हा प्रश्न जर्मन शाळांपुढे आजही आहे.