धरावे, मारावे आणि कुरडया

आमच्या कोपरगावात चुकीचे अक्षर लिहायची मुळीच सोय नाही. बँकेत माझ्या हातून व्हाउचरवर 'जमा'च्या जागी 'नावे' पडले, की शेजारच्या टेबलावरून हमखास आवाज येतो, "काय हो, ध चा मा केलात वाटतं!" इतर गावांत ही नुसती म्हण असेल. आमच्याकडे ती शेजारीण आहे. उठता बसता घरात डोकावते.

त्याला कारणही तसेच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी पुतण्याला 'धरावे' एवढेच लिहून दिले होते, पण आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून त्याचे 'मारावे' केले, अशी कथा. इतिहासकार तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत; पण म्हणीला पुरावा लागत नाही. पुढे १७८२ साली सालबाईचा तह झाला, पेशवाईवरचा दावा सोडून दादासाहेब पेन्शनीवर कोपरगावला येऊन राहिले आणि पुढच्याच वर्षी इथे वारले. त्यांचा वाडा गावातच आहे. एका अक्षराने काय होते याचा एवढा मोठा धडा गावात उभा असताना मी तो गिरवला नाही, त्याची ही हकीकत.

दादाची नोकरी सुटली तेव्हा वहिनींनी पदर खोचला आणि कुरडयांचा धंदा काढला. वहिनींच्या कुरडया म्हणजे काय, हे आमच्या घरी जेवून गेलेल्यालाच ठाऊक. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा आणि सोऱ्यातून गच्चीवर घालायच्या. दळायच्या यंत्रासाठी पन्नास हजारांचे कर्ज काढले. अर्ज मीच भरला. यंत्र आले, कुरडया झाल्या, पत्र्याचे डबे भरले. फक्त गिऱ्हाईक आले नाही. बघता बघता दोन हप्ते थकले.

बँकेबाहेरच्या माणसाला 'हप्ता थकणे' म्हणजे काय ते नीट कळायचे नाही. नव्वद दिवस थकले, की खाते 'अनुत्पादित' ठरते. आमच्या शाखेत अशा खात्यांची यादी ज्या टेबलावर तयार होते, त्या टेबलामागे मी बसतो. म्हणजे एक दिवस मला स्वतःच्या हाताने वहिनींचे नाव त्या यादीत घालावे लागणार होते.

"भाऊजी, तुम्ही बीकॉम. मोबाइलवर टाकायला चार ओळी लिहून द्या ना," वहिनी म्हणाल्या.

बीकॉमला आम्हाला जाहिरातीच्या चार पायऱ्या होत्या: लक्ष, रुची, इच्छा, कृती. पेपरात त्यावर मला दहापैकी सात गुण मिळाले होते. त्या सात गुणांच्या जोरावर मी रात्री बारापर्यंत बसलो आणि लिहिले: 'शुक्राचार्यांच्या पुण्यभूमीत, गोदामाईच्या कुशीत, मायेच्या हातांनी जपलेली परंपरा! चवीच्या आकाशातील ही शुक्रतारका आता केवळ आठवणीत नव्हे, तर आपल्या हृदयात!' शेवटी वहिनींचे नाव. वर त्यांचा हसरा फोटो. पुतण्याने त्याला मोबाइलवरच झेंडूच्या फुलांची चौकट बसवून दिली. सकाळी सात वाजता मजकूर गावातल्या चौदा गटांवर गेला.

दहा वाजेपर्यंत चौसष्ट जणांनी हात जोडले. मला गहिवरून आले. सव्वादहाला कोणीतरी लिहिले, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' त्याचे पाहून आणखी बारा जणांनी तेच लिहिले. अकराच्या सुमारास पांढऱ्या टोप्या घातलेले दोन गृहस्थ दादाच्या दारात उभे राहिले, आणि दार वहिनींनीच उघडले. त्यातल्या एकाला पाणी द्यावे लागले.

वाचकहो, मी गिऱ्हाईक 'धरावे' म्हणून लिहिले आणि बसल्या जागी वहिनींना मारून मोकळा झालो. आनंदीबाईंना निदान एक अक्षर तरी बदलावे लागले. मी मूळ प्रतच तशी लिहिली होती.

घरात सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण तिसऱ्या दिवशी सोनेतारणाच्या रांगेत मी त्यांना पाहिले. हातात रुमाल होता, आणि रुमालात काय असणार हे मला माहीत होते. लग्नातल्या पाटल्या. माझ्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मी खतावणीत डोके घातले, पण त्या दिवशी बेरीज काही केल्या जुळली नाही.

संध्याकाळी दादाकडे गेलो. तो म्हणाला, "आपले आजोबा स्टेशनवर टांगा हाकत. त्यांची जाहिरात आठवते का तुला?"

आठवत होती. शिर्डीला स्वतःचे स्टेशन झाले २००९ साली. त्याआधी आगगाडीने येणारा साईभक्त दौंड-मनमाड मार्गावरच्या आमच्या कोपरगाव स्टेशनात उतरे आणि पुढची पंधराएक किलोमीटरची वाट टांग्याने, पुढे मोटारीने काटे. गाडी थांबली, की आजोबांची जाहिरात सुरू होई: "शिर्डी, शिर्डी, शिर्डी!" संपली जाहिरात. मद्रासहून आलेल्यालाही कळे आणि गुजरातेतून आलेल्यालाही. भाडे विचारले तर आकडा तयार. 'गोदामाईच्या कुशीतून श्रद्धेच्या शिखराकडे' असे आजोबा ओरडत बसले असते, तर घोडा उपाशी मेला असता.

त्या रात्री मी किर्लोस्करांची हकीकत काढून बसलो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे बेळगावात आधी सायकलींचे दुकान होते. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला. नांगर उत्तम होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली! आता विचार करा: नांगर मजबूत आहे, देखणा आहे, हे शंभरदा सांगून काय उपयोग होता? शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न मजबुतीचा नव्हताच, तो विषाचा होता. त्याचे उत्तर मिळेपर्यंत नांगर दुकानातच राहणार.

पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकाला कळावी, हा मूळ हेतू. नावच बघा: खबर! साहित्याची आकाशगंगा वगैरे काही नाही. त्या खबरीचेच वाढत वाढत पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली. म्हणजे त्यांनी आधी नांगर केला, मग खबर दिली, आणि साहित्य त्यामागून आपसूक आले. मी साहित्यापासून सुरुवात केली आणि कुरडया राहूनच गेल्या. खरोखरच राहिल्या! माझा मजकूर पुन्हा काढून पाहिला, तर त्यात 'कुरडई' हा शब्दच नव्हता. भाव नव्हता, फोन नंबर नव्हता, कुठे मिळेल तेही नव्हते.

आणि हे कोणी केले? वीस वर्षे काउंटरवर बसून "तारीख राहिली", "रक्कम अक्षरी लिहा", "सही कुठाय?" म्हणत लोकांच्या स्लिपा परत करणाऱ्या माणसाने! माझीच जाहिरात माझ्या काउंटरवर आली असती, तर मी ती तीनदा परत केली असती.

सकाळी वहिनींकडे गेलो आणि म्हणालो, "आता तुम्हीच सांगा, मी नुसता लिहून घेतो. बायका तुम्हाला काय काय विचारतात?"

"विचारतात ना. सोडा घालता का, रंग घालता का, तळल्यावर फुलते का, आणि केवढ्याला."

"मग तेच सांगा."

वहिनी सातवी शिकलेल्या. त्यांनी चुलीवरचे दूध उतरवता उतरवता सांगितले, ते असे:

'मी ठणठणीत आहे. कुरडया मीच करते. गव्हाच्या आहेत. सोडा नाही, रंग नाही. किलोला साडेतीनशे रुपये, अर्ध्या किलोला पावणेदोनशे. गावात मंगळवारी आणि शनिवारी घरी आणून देऊ. आधी एक तळून बघा, फुलली नाही तर पैसे परत.' खाली फोन नंबर.

'मी ठणठणीत आहे' ही ओळ काढावी, असे मी सुचवले. "राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "लोकांच्या मनात आधी तेच आहे." किर्लोस्करांना दोन वर्षे लागली ती गोष्ट त्यांना दूध उतू जायच्या आत कळली होती. लक्ष, रुची, इच्छा, कृती, चारही पायऱ्या त्या सात ओळींत होत्या. पेपर तपासणाऱ्याने दहापैकी दहा दिले असते.

पहिल्या आठवड्यात अकरा किलो कुरडया गेल्या. पांढऱ्या टोपीवाल्या त्या दोघांनी एकेक किलो नेली, बहुधा प्रायश्चित्त म्हणून. चमत्कार वगैरे झाला नाही. आजही काही महिन्यांत ओढाताण होते, आणि पावसाळ्यात तर गच्चीच बंद. पण नव्वद दिवस पुरे व्हायच्या आत थकलेले हप्ते भरले गेले, आणि दिवाळीच्या आधी पाटल्या सुटल्या.

हप्ता भरायला वहिनी स्वतः आल्या होत्या. माझ्याच काउंटरवर. सवयीने मी स्लिप उलटसुलट करून पाहिली. तारीख होती. खाते क्रमांक होता. रक्कम अंकी होती, अक्षरी होती. सही ठळक.

"काही चुकलं का, भाऊजी?"

मी शिक्का मारला. वीस वर्षांत पहिल्यांदाच मला परत करायला काही सापडले नव्हते. ध च्या जागी ध होता आणि मा च्या जागी मा.