नासिकचा हिरा आणि लंडनची पेढी

राज्य लयास जाते तेव्हा प्रथम निशाण उतरते, मग किल्ले खाली होतात आणि अखेरीस जामदारखान्याची कुलुपे उघडली जातात. तेथील ऐवज मग बाजाराची वाट धरतो. अशा पडत्या घराण्यांच्या ऐवजावर भरभराटीस आलेली एक पेढी म्हणजे लंडनच्या लडगेट हिलवरील रंडेल अँड ब्रिज. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या उमरावांनी चरितार्थासाठी विकावयास काढलेले दागिने या पेढीने स्वस्तात घेतले. पुढे ती इंग्लंडच्या राजघराण्याची जवाहिरे झाली.

याच पेढीच्या हाती महाराष्ट्राचे एक अमोल रत्न गेले. गोवळकोंडा प्रदेशातील, सुमारे ९० कॅरेट वजनाचा हा हिरा त्र्यंबकेश्वराच्या चरणी वाहिलेला होता, अशी परंपरा आहे. नासिकवरूनच त्यास ‘नासक’ हे नाव पडले. जून १८१८ मध्ये दुसरे बाजीराव पेशवे सर जॉन माल्कम यांच्या स्वाधीन झाले आणि सालीना आठ लाख रुपयांच्या तनख्यावर बिठूरला गेले. हिरा मात्र युद्धातील लूट ठरून कंपनीकडे व तेथून लंडनच्या बाजारात गेला. रंडेल अँड ब्रिजने तो सुमारे ३,००० पौंडांस घेतला.

आपल्याकडील कारागीर पैलू पाडताना वजन राखीत. विलायती गिऱ्हाइकास तेज हवे असे. म्हणून पेढीने हिऱ्यास नव्याने पैलू पाडले व वजन सुमारे ८० कॅरेटवर आले. वजन घटले, पण भाव चढला! पुढे एमॅन्युएल बंधूंनी तो ७,२०० पौंडांस घेतला. त्यांच्याकडून तो मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्याकडे गेला व त्यांच्या तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये अमेरिकन जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पॅरिसमध्ये तो मिळवून पुन्हा पैलू पाडविले. आता त्याचे वजन ४३.३८ कॅरेट आहे.

प्रत्येक हस्तांतरात पैसे मोजले गेले, प्रत्येक जवाहिऱ्याची खरेदी त्याच्या वहीत चोख नोंदली गेली असेल. परंतु पहिल्या नोंदीतील विक्रेत्याने तो माल विकत घेतलेला नव्हता, जिंकून आणलेला होता. पुढील शंभर पावत्या खऱ्या असल्या तरी पहिल्या पावतीचा दोष त्यांनी फिटत नाही. व्यापारात भाव महत्त्वाचा खरा. परंतु माल कोठून आला, हा प्रश्न भावाच्याही आधी विचारावयाचा असतो.